खोटी चूक

वर्गात तिला सगळे 'पहिली' म्हणायचे. होती आठवीत, पण बालवर्गापासून तिचा पहिला नंबर कुणी हलवलेला नव्हता, म्हणून पहिली. वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. ज्या इमारतीत जातील तिथं रखवालदारापासून मालकापर्यंत सगळ्यांना सांगायचे, "आमची पोरगी चुकतच नाही हो! डोकं म्हणजे नुसतं यंत्र आहे तिचं." घरी तिच्यासमोरही हेच. दर वेळी तिच्या मनात यायचं, यंत्रं बिघडतात म्हणून तर बाबांना काम मिळत होतं.

त्या वर्षी शाळेत नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी जिन्याजवळची गुणवंतांची पाटी उतरवली आणि तिथं मोठ्या अक्षरांत लावलं, 'चुका आणि वाढा'. डब्याच्या सुट्टीत पोरं एकमेकांपुढे डबे सरकवत ओरडायला लागली, "तू चूक, मला वाढ!" पण आठवड्यातून एकदा 'चुकांचा तास' सुरू झाला, तेव्हा बरीचशी खूशही झाली. आपण चुकलेलं गणित फळ्यावर मांडायचं, पाय कुठं घसरला ते सांगायचं. सगळ्यात चांगल्या चुकीला हिरवा बिल्ला.

पहिलीचे मात्र हातपाय गार पडले. चूक मांडायची तर आधी करायला हवी, आणि ती चुकेल असं काही हातातच घेत नसे. पुस्तकातली अवघड गणितं आली की तिला हमखास पाणी प्यायला जायचं असे. न येणारं एखादं गणित लोकांना दिसलं, तर आपल्यात उरणार काय? हा विचार तिला अंथरुणात आला तरी ती उठून बसायची.

शेवटी तिनं एक चूक बनवली. गणित असं : जाताना ताशी चाळीस किलोमीटर वेग, त्याच रस्त्यानं येताना साठ, तर सरासरी वेग किती? तिला उत्तर पक्कं माहीत होतं, अठ्ठेचाळीस. तिनं फळ्यावर पन्नास लिहिलं, मान खाली घालून म्हणाली, "मी घाईत दोन वेगांची सरासरी काढली. पण कमी वेगानं जाताना वेळ जास्त लागतो, हे विसरले."

"वा!" गणिताच्या बाई म्हणाल्या. "किती स्वच्छ सांगितलंस!"

बिल्ला तिला मिळाला. मागच्या बाकावरच्या लांब्याच्या चुका अगदी खऱ्या असायच्या, पण त्या इतक्या गिचमीड असायच्या की त्यांना बिल्ला देणार कोण?

मग ती दर आठवड्याला चूक बनवू लागली आणि भीती कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. बाईंनी नुसतं वर पाहिलं तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

अशात दुसऱ्या शाळांतले शिक्षक पाहणीला येणार असं कळलं. मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, "पहिलीलाच उभी करा. सगळ्यात सुंदर चुका तिच्याच असतात."

पाहुणे मागं खुर्च्यांवर बसले. पहिलीनं पन्नासवाली चूक पुन्हा मांडली. तिला ती तोंडपाठ होती. टाळ्या झाल्या. तेवढ्यात पाहुण्यांमधल्या एक वयस्क बाई उठून पुढे आल्या.

"छान. मग हे सांग बाळ. जाताना वेग तीस होता. जाऊन-येऊन सरासरी साठ पडायला हवी. येताना किती वेगानं यायचं?"

मुख्याध्यापक हसत होते. पहिलीला फक्त तिथून सुटायचं होतं.

"नव्वद," ती म्हणाली.

"बरं. एका बाजूचं अंतर साठ किलोमीटर धर, आणि पडताळून बघ."

तिनं लिहिलं. साठ किलोमीटर, वेग तीस, दोन तास. जाऊन-येऊन एकशेवीस, सरासरी साठ, एकूण वेळ... दोन तास. खडू थांबला. दोन तास तर जाण्यातच संपले होते. परत यायला वेळच उरला नव्हता.

कानांत सूं आवाज सुरू झाला. घामानं खडू बोटांना चिकटला. जी चूक तिनं ऐटीत बनवली होती, नेमकी तीच आता तिच्या हातून खरोखर झाली होती. दार चार पावलांवर होतं. तिला वाटलं पळावं, पण ती फळ्याकडेच वळली.

"हे... हे होणारच नाही," ती पुटपुटली. "कितीही वेगानं आलं तरी. मी चुकले." आणि मग तिला न विचारताच तोंडातून निघून गेलं, "आधीची चूक खोटी होती. बनवलेली. सगळ्याच बनवलेल्या होत्या. ही खरी आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुख्याध्यापकांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. पाहुण्या बाई एवढंच म्हणाल्या, "हं. बस जा, थरथरते आहेस."

पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पहिलीच्या बाकाशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "मला शंका यायची गं. पण वर्ग छान दिसत होता, म्हणून मीही गप्प बसले. बिल्ले आजपासून बंद."

घरी गेल्यावर तिनं जेवणाची पानं घेतली. मग ताटाकडे बघत तिनं सगळं सांगून टाकलं. वडिलांचा घास हातातच राहिला. तिला वाटलं, आता ओरडतील. त्याहून वाईट, काही बोलणारच नाहीत.

"सगळ्यांसमोर?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"नव्वदच येतं की!" ते एकदम म्हणाले. "तीस आणि नव्वद, मध्ये साठ. त्या बाईंनाच कळलं नसेल."

"नाही येत, बाबा."

तिनं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्यांना पटेना. "असं कसं? विमानानं आलो तरी?" ते दोनदा चिडले, एकदा उठून गेले, परत आले. जेवण गार झालं. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले आणि तिच्याकडे बघत राहिले, जणू ही पोरगी कोण ते नव्यानं ओळखायचं होतं. शाबासकी दिली नाही, रागावलेही नाहीत. त्या नजरेची तिला रात्रभर धास्ती वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर भूमितीचं एक गणित घातलं आणि विचारलं, "सुरुवात कुठून करायची, कळतंय का सगळ्यांना?"

सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. पहिलीनंही वही उघडली. तिला वाटलं होतं, आता भीती वाटणार नाही. पण ती तर जशीच्या तशी होती.

तिनं हात वर केला.

"बाई, मला नाही कळलं."