टायवाल्याला तीन लाल अंगठे

"तो आज असता ना डॅड, तर कुणाच्या तरी पायपुसण्यावर थंडगार फ्राइजची पिशवी ठेवून पोचल्याचा फोटो काढत बसला असता," ट्रेंट म्हणाला. "कसली टोपी नि कसली बॅग."

टीव्हीवर जुन्या मालिकेतला तो काळापांढरा बाप नेहमीसारखा घरी येत होता. टोपी खुंटीला, बॅग खुर्चीवर, बायकोच्या गालावर एक पापी, आणि मागे लोकांचं खिदळणं. हा माणूस नोकरी काय करतो हे शेकडो भागांत कुणी सांगितलं नव्हतं. ग्लेनला, म्हणजे ट्रेंटच्या बापाला, तेच आवडायचं. दर रविवारी पाचला जेवायला बसलं की तो हमखास विचारायचा, हा आज असता तर काय करत असता? ट्रेंट लहान होता तेव्हा या खेळात मजा यायची. डायनासोरचा डॉक्टर म्हण, काहीही म्हण, ग्लेन हसून हसून लाल व्हायचा.

आज ग्लेन म्हणाला होता, विमा कंपनीत असता. साधं, बरं ऑफिस. आणि वर सहज म्हणून जोडलं होतं, की त्याच्या पोरांनी शाळा तरी पुरी केली असती. झालं. ट्रेंटची तार तिथेच सटकली. जानेवारीत त्याने शाळा सोडली त्या दिवशी ग्लेन त्याला म्हणाला होता, मग काय, जन्मभर कागदी पिशव्यांत बर्गर भरणार का? तेव्हापासून ते वाक्य त्याच्या घशात काट्यासारखं अडकलेलं.

फ्राइजचं ऐकून ग्लेनने ताट बाजूला सरकवलं. नॅपकिनची नीट चौकोनी घडी घातली, मॅकरोनी तशीच टाकली आणि गॅरेजमध्ये निघून गेला.

ट्रेंटला वाटलं, जिंकलो.

मग डोरीनने टीव्ही बंद केला. ही त्याची आई, वृद्धाश्रमात उचल-ठेव करून पाठीचा पार भुगा झालेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात सांगत गेली. मार्चमध्ये काचेच्या कारखान्याच्या ऑफिसातून ग्लेनला काढलं, तेव्हापासून तो सांगतो तसा सल्लागारबिल्लागार काही नाहीये. टाय लावून जातो आणि दिवसभर लोकांच्या दारात जेवणाच्या पिशव्या पोचवतो. ट्रेंटला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिला. पोराला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाला.

"आता तेही गेलं," ती म्हणाली. "शुक्रवारी त्या पिशव्या पोचवायच्या अॅपवाल्यांनी त्याचं खातं बंद केलं. कुठल्याशा बर्गरवाल्याने तीन वेळा तक्रार केली म्हणे, असभ्य आहे म्हणून. तुझा बाप, असभ्य! तो चुकीच्या नंबरवर फोन लागला तरी माफी मागतो."

ट्रेंटच्या हातातला काटा ताटात पडला.

ट्रेंट काम करतो त्या बर्गरच्या दुकानात काउंटरवर एक टॅब असतो. ड्रायव्हर येऊन गेला की हिरवा नाहीतर लाल अंगठा दाबायचा. नाव दिसत नाही, नुसते चार आकडे. लाल दाबला की कारण निवडायचं. आणि गेल्या आठवड्यात एकच नंबर त्याच्या डोक्यात गेला होता, ४४१७. हा प्राणी कधी आत यायचाच नाही. गाडी मागच्या बाजूला लावायचा आणि निरोप पाठवायचा, कृपया पिशवी बाहेर आणून द्याल का? मग काउंटरवरच्या लॉरेटाबाई पिशवी घेऊन निघायच्या. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, त्या मागच्या दाराच्या चार पायऱ्या उतरेपर्यंत ट्रेंटचं डोकं भणभणायचं. पाय मोडलेत का साहेबांचे, म्हणत त्याने सोमवारी लाल अंगठा दाबला. बुधवारी दाबला. गुरुवारी तर बोटाने टॅब फुटेल असा दाबला. तिन्ही वेळा कारण एकच, असभ्य.

लॉरेटाबाई एकदा म्हणाल्याही होत्या, अरे, भला माणूस आहे तो, टाय लावून येतो, माझे गुडघे कसे आहेत विचारतो. ट्रेंटने फ्राइज उपसता उपसता म्हटलं होतं, टाय लावतो ना, मग फाशी घे म्हणावं.

तो गॅरेजमध्ये गेला. ग्लेन गाडीच्या उघड्या डिकीवर बसला होता. शेजारी जेवण गरम राखायची चौकोनी पिशवी, आणि ऑफिसची जुनी कातडी बॅग उघडी. आत चार्जर, नॅपकिन आणि केचपच्या पुड्या, रबरबँडने बांधून रांगेत लावलेल्या.

"तुझा नंबर काय होता?" ट्रेंटने विचारलं.

"चव्वेचाळीस सतरा. का रे?"

त्याने सांगून टाकलं. थांबला असता तर बोलताच आलं नसतं. तिन्ही वार सांगितले, कारण सांगितलं, फाशीचं मात्र गिळलं.

ग्लेनने एका केचपच्या पुडीचा कोपरा सरळ केला.

"उशीर लिहायचं होतंस," तो म्हणाला. "उशीर कधीतरी झालाही असेल. असभ्य कशाला?"

ट्रेंटला शिवी हवी होती, थोबाडीत हवी होती. हे असलं नको होतं.

तक्रार मागे घेता येते का, ग्लेनने विचारलं. येते, पण त्याच टॅबवरून, मॅनेजरच्या समोर. अॅपवाल्यांनी दाद मागायला दिलेली मुदत आज सहाला संपते, एवढं ग्लेनला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते ट्रेंटने सांगितलं. खोटी तक्रार केली असं निघालं की मॅनेजर त्याच दिवशी एप्रन काढून घेतो. मागच्या महिन्यात एका पोरीचा घेतलाच होता.

"मग राहू दे," ग्लेन म्हणाला. "दोघांतल्या एकाची तरी नोकरी राहू दे."

"ती एकाची म्हणजे माझी? पिशव्या भरायची?"

ग्लेनने मान खाली घातली. जानेवारीतलं ते वाक्य त्यालाही आठवत होतं, हे ट्रेंटला तेव्हा कळलं, आणि ते परत फेकून मारल्याबद्दल स्वतःचीच चीड आली. सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर ग्लेन उठून खिशात किल्ल्या चाचपत होता, चल, निदान सोडतो तरी, मागच्या बाजूला थांबतो, म्हणत होता.

"मागे नको लावूस," ट्रेंट म्हणाला. "समोर लाव. आत ये."

ग्लेन जागचा हलला नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहाला अठरा मिनिटं कमी होती आणि दुकान चालत दहा मिनिटांवर. ट्रेंटने खुंटीवरचा एप्रन ओढला.

"तू ये नाहीतर नको येऊस, डॅड. मला आता निघायला हवं."