पहिलं गाणं कोण फोडतंय?

'मिलपाँड रोड' या बँडची चार माणसं मंचावर चढतात तेव्हा पहिलं गाणं कोणतं हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. निदान ते तसं सांगतात. यादी करायची नाही, एकमेकांकडे बघायचं, कुणीतरी एक सूर छेडायचा आणि मग गाणं नेईल तिकडे जायचं. कालच्यासारखी आजची संध्याकाळ नसते, म्हणून तर आम्ही सगळे उन्हाळाभर व्हॅनमध्ये झोपून, पार्किंगच्या माळावर चीज सँडविच भाजून त्यांच्या मागे गावोगाव फिरतो.

आणि म्हणूनच चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवरचा तो खेळ. कार्यक्रमाआधी प्रत्येकाने पहिलं गाणं ओळखायचं. बरोबर येईल त्याला हिरवी लोकरीची टोपी. पुढचा विजेता मिळेपर्यंत ती त्याच्या डोक्यावर. त्या वर्षी ऑगस्टच्या उन्हात ती टोपी माझी धाकटी बहीण अर्लीन हिच्या डोक्यावरून खाली उतरतच नव्हती.

एकदा लोक हसले, दोनदा टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मात्र कुणी हसेना. अर्लीनचा मुलगा गॅरेट बँडचा ध्वनी सांभाळतो, ही गोष्ट मग सगळ्यांना एकदम आठवली.

व्हरमाँटच्या त्या तीन दिवसांच्या उत्सवाला आम्ही पोचलो, तोवर फोरमवर दुसरा विषयच उरला नव्हता. 'ओला तंबू' नावाच्या एका गृहस्थाने जुने व्हिडिओ संथ करून पाहिले होते. एका ठिकाणी गॅरेट कान खाजवतो आणि लगेच 'लाल स्वेटर' सुरू होतं. ही खूण असणार! दुसऱ्या कुणी पियानोपाशी चिकटवलेल्या कागदाचा फोटो मोठा करून टाकला. गाण्यांची यादी लपवतात म्हणे. तो कागद म्हणजे पियानोवाल्याच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी होती, पण ते कोण मानणार? तिसऱ्याने गॅरेट आणि अर्लीन पॅनकेक खात बसल्याचा फोटो टाकला आणि दोघांभोवती लाल गोल काढला.

"आई आणि मुलगा पॅनकेक खातात, यात काय आहे?" मी म्हणाले.

"ताई, सिरपची बाटली बघ कशी धरलीय मी," अर्लीन फोन नाकाशी नेत म्हणाली. "मलाच माझा संशय यायला लागलाय."

ती हसत होती, पण मला हसू येईना. त्याच सकाळी रस्क येऊन गेला होता. मंचामागची सगळी व्यवस्था तो पाहतो, कमरेला वॉकीटॉकी लावलेला, मोजून बोलणारा माणूस. त्याने मला बाजूला घेतलं.

"विनीबाई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून आधी सांगतो. बँड चिडलाय. आपण कुणाला न सांगता वाजवतो याचाच त्यांना अभिमान. आतून कुणीतरी फोडतंय असं त्यांना वाटतं, आणि फोडणारा एकच दिसतोय. आज पुन्हा तुमच्या बहिणीचं बरोबर आलं, तर गॅरेट उद्या घरी."

गॅरेटने ही जागा मिळवायला सहा वर्षं केबली गुंडाळल्या होत्या.

आता खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. चाळीस वर्षं लहान मुलांना शिकवलंय मी. एकाच बाकावरच्या दोन पोरांचं गणित सारखं आलं की मी काही योगायोग म्हणून सोडून देत नसे. आधी बहिणीला विचारलं. उत्सवांत मी लहान मुलांना गाणी शिकवायचा तंबू चालवते, तिथे ती मुलांसाठी संत्री सोलत होती.

"अर्लीन, पोरगा सांगतो ना तुला?"

"अगं, जेवलास का विचारलं तर तो उत्तर देत नाही. गाणी काय सांगतोय!"

"मग तुला कळतं कसं?"

"मनात येतं. संत्री सोलता सोलता एखादं गाणं डोक्यात घोळतं, मी तेच लिहून टाकते."

असं उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं. मग गॅरेटला गाठलं.

"मावशी, तूसुद्धा?" तो म्हणाला. त्याने हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. "त्या चौघांना ठाऊक नसतं ते मला कुठून ठाऊक असणार? जा, तूपण लिही फोरमवर. माझा एक फोटो टाक, गोल मारून."

तो चिडला होता. चिडणाऱ्या मुलांचे दोन प्रकार असतात. पकडला गेलेला चिडतो तो नजर चुकवून. गॅरेट माझ्याकडे सरळ बघत होता.

मी तंबूत परतले आणि चष्मा लावून फोरमवरचं सगळं पहिल्यापासून वाचलं. लोक बरोबर आलेल्या उत्तरांवर तुटून पडले होते, चुकलेली कुणी बघितलीच नव्हती. मी चुका आधी बघते, ती सवयच आहे. अर्लीनचं शहरातल्या नाट्यगृहांत प्रत्येक वेळी चुकलं होतं; तिथे दुसऱ्या कुणालाही जमलं नव्हतं, म्हणून टोपी तिच्याकडेच राहिली होती. बरोबर आलं होतं ते फक्त उघड्या मैदानावरच्या उत्सवांत. गॅरेट तर दोन्हीकडे असतो. मग उत्सवांत असं काय असतं, जे नाट्यगृहात नसतं?

मुलांचा तंबू. माझा.

मी बरोबर आलेली गाणी पुन्हा वाचली. 'लाल स्वेटर' आम्ही टाळ्यांसह शिकलो होतो. 'जुनी होडी' पावसात अडकलो तेव्हा गायलो होतो. एकूण एक गाणं माझ्या मुलांनी त्याच दुपारी गायलेलं. आमचा तंबू नेहमी मंचामागे, एखाद्या झाडाच्या (इथे मेपलच्या) सावलीत असतो, कारण तिथली शौचालयं स्वच्छ असतात. आणि कापडाच्या पलीकडे, वीस पावलांवर, बँडमधले चौघं जण खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेले असतात.

मी रस्ककडे गेले.

"ते आमच्याकडून घेतात," मी म्हणाले. "मुलं गातात, ते त्यांच्या कानावर पडतं, डोक्यात राहतं. अर्लीनच्याही राहतं. कुणाला पत्ता नाही."

रस्कने वॉकीटॉकी बंद केला. "विनीबाई, म्हणजे आता तुम्ही पण यात आहात का?"

"ठीक आहे. मग गाणं तुम्ही निवडा. गॅरेटला तोवर मैदानाच्या पार टोकाला पाठवा, फोन काढून घ्या. मला कानात सांगा, मी मुलांना शिकवते. बँड काय वाजवतो ते बघू."

त्याने आजूबाजूला पाहिलं आणि वाकून माझ्या कानात सांगितलं, "'खारीची चावी'."

मला हसूच आलं. ते गाणं बँडला अजिबात आवडत नाही. ऐन विशीत केलेलं, त्याची त्यांना लाज वाटते. वर्षानुवर्षं त्यांनी त्याला हात लावला नव्हता. लोक ओरडून फर्माईश करत आणि ते ढिम्म.

मुलांना मात्र ते पहिल्या ओळीपासून आवडलं. त्यात खार आपली चावी जमिनीत पुरते आणि विसरते. पोझी नावाच्या सहा वर्षांच्या मुलीने हातातल्या संत्र्याच्या सालीची चावी केली, मग सगळ्यांनी केली. तेवीस मुलं, स्पीकरच्या आवाजाने कान दुखू नयेत म्हणून मोठमोठी कानबंदं लावलेली. ती लावली की मुलांना आपला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून ती आणखी मोठ्याने गातात. अर्लीन संत्री सोलत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

साडेसहाला, अजून ऊन होतं तेव्हा, चौघं मंचावर आले. रस्क माझ्या शेजारी उभा होता. रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांचे माइकचे दांडे समोर उसासारखे उभे. गॅरेट नुकताच परत येऊन यंत्रापाशी बसला होता, मान खाली. त्याला वाटत होतं, हा आपला शेवटचा कार्यक्रम.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पियानोवाल्याने, जणू सहजच, तीन सूर वाजवले.

खार आली. चावी पुरली. मैदानभर असा ओरडा झाला की शेजारच्या कुरणातल्या गायी पलीकडच्या कुंपणाशी गेल्या.

रस्कच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरत होता, तो उचलेना. "हरामखोर," तो हळूच म्हणाला. कुणाला, ते मी विचारलं नाही. मग त्याने मला अर्लीनचं उत्तर दाखवलं, पाच वाजता लिहिलेलं. 'खारीची चावी'.

गाणं संपल्यावर तो गॅरेटपाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलला. लांबून मला फक्त गॅरेटची मान वर झालेली दिसली. बँडला हे सांगणं जास्त अवघड गेलं म्हणतात. पियानोवाला म्हणाला, मी माझ्या मनाला येईल तेच वाजवतो. रस्क म्हणाला, हो, पण ते मनात येतं कुठून?

त्याच रात्री रस्कने फोरमवर स्वतःच्या नावाने सगळं लिहिलं. गॅरेटचं नाव स्वच्छ झालं, आणि मी समजले की विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूत पोझी माझ्याजवळ आली.

"बाई, आज 'धुक्याचं दुकान' गाऊ या ना."

"तुला आवडतं ते?"

"मला येतच नाही."

"मग?"

तिने मेपलच्या झाडाकडे पाहिलं. झाडामागचा दाढीवाला माणूस एकाएकी बुटाची नाडी बांधू लागला. त्याने चपला घातल्या होत्या. मग एक मुलगा 'जुनी होडी'ची चिठ्ठी घेऊन आला. अक्षर काही सात वर्षांच्या मुलाचं नव्हतं. एकीच्या हातात नवी कोरी लॉलीपॉप. तंबूच्या मागे मोठी माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि सगळी म्हणे शौचालयाच्या रांगेत.

चाळीस वर्षांत मुलांनी काही मागितलं तर ते त्यांचंच आहे असं मी धरून चालत आले होते. त्या दुपारी मी प्रत्येकाला विचारत बसले, "हे तुला कुणी सांगितलं?" पोझीचा चेहरा पडला. तिने काहीच केलं नव्हतं. मला ते फार लागलं.

मी टाळी वाजवली. "ऐका. आज आपण कुणाचंच गाणं गायचं नाही. ज्याने त्याने आपलं नवं करायचं, आत्ता, आणि सगळ्यांनी एकदम म्हणायचं."

तेवीस गाणी एकदम सुरू झाली. पोझीचं गाणं पायमोज्यावर होतं. रांगेतले लोक कान झाकून पांगले. कापडापलीकडे कुणाचा तरी कप खाली पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी चौघं मंचावर आले, एकमेकांकडे बघत राहिले, बघतच राहिले. शेवटी ड्रमवाल्याने काठी टेकवली आणि काहीतरी सुरू झालं. त्याला नाव नव्हतं. ते आधी कधी वाजलं नव्हतं. टोपी कुणालाच मिळाली नाही. अर्लीनचंही चुकलं होतं, आणि ती मनापासून नाचत होती. गॅरेटने हेडफोन एका कानावरून सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, आज काय शिकवलंस?"

"काही नाही."

त्याचा काही विश्वास बसला नाही.

सकाळी फोरम उघडला. 'ओला तंबू'ने लिहिलं होतं: नवं गाणं येणार हे विनीबाईंना आधीच ठाऊक होतं, नाहीतर त्यांनी मुलांना नेमकं नवं गाणं करायला का सांगावं? खाली माझा फोटो होता. मी पोझीबरोबर पॅनकेक खात होते, आणि आमच्याभोवती लाल गोल होता.