शेवटचा रकाना

आजारी म्हाताऱ्यांच्या घरी सांभाळायला बायका पुरवायचं काम सिस्टर इस्पितळाची नोकरी सोडल्यापासून करत होती. घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. कोणाकडे कोण टिकेल, हे ती अचूक ओळखायची. कॉम्प्युटर तिची जुनी मैत्रीण बारकी बघायची. नर्सिंग शिकताना दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. बारकी पुढे चांगली भरली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

एकदा सिस्टरचा मोबाईल बादलीत पडता पडता वाचला. बारकी म्हणाली, सगळे नंबर एक्सेलमध्ये घेऊन ठेवू, नाहीतर एक दिवस डोक्याला हात लावून बसशील. सिस्टरला पटलं.

बारकीने कॉन्टॅक्टची फाईल काढली, पण कॉम्प्युटरवर मराठी नावांच्या जागी बरोबरची (=) चिन्हं आणि आकड्यांचा नुसता चिवडा दिसला. तिने फाईल बदलून देणारा प्रोग्राम लावला, तशी नावं माणसांत आली. मग एक्सेलने लांबलचक नंबर आखडून टाकले. तो रकाना मजकुराचा करून तिने तेही सरळ केले. शेवटचा, नोंदींचा रकाना रिकामा होता.

"तू सांग, मी टाइप करते."

सिस्टर चहा पीत सांगत गेली. या आजोबांना सुई दिसू द्यायची नाही, त्या आजींशी डाव्या बाजूने बोलायचं, इथली सून तापट पण मनाने साफ.

पुढे गुडघ्यांचं कारण सांगून बारकी यायची थांबली. सिस्टरने तिला शेकायची पिशवी पाठवली.

मग एका सकाळी नव्या संस्थेच्या जाहिरातीचा मेसेज आला, खाली बारकीचा नंबर. सिस्टरच्या फोनमध्ये तिचा स्वतःचा नंबरही 'मी' म्हणून होता आणि तोही त्या यादीत गेला होता, म्हणून मेसेज तिलाही आला. काहीतरी चूक असेल, असं ती मनाला समजावत होती, तोच त्या आजोबांच्या सुनेचा फोन आला. परवापासून येते ती नवी बाई तुमच्याकडचीच ना, तिने विचारलं. बाबांना सुई दाखवायची नाही हेसुद्धा त्या बाईला ठाऊक होतं, असं सून कौतुकाने म्हणाली.

सिस्टर तडक बारकीकडे गेली. बारकीने न लंगडता येऊन दार उघडलं, पाणी दिलं. इतकी वर्षं राबले, पाटीवर नाव मात्र तुझंच, असं ती शांतपणे म्हणाली.

"मग मागायचं होतंस. मी दिलं नसतं?"

"दिलं असतंस. तुझ्याकडून घेणंच नको झालं होतं."

सिस्टर पाणी तसंच ठेवून उठली. घरी येऊन तिने एकेका कुटुंबाला फोन केले. बारकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. बरीच घरं परतली. आजोबा नव्या बाईच्या हाताला रुळले होते; ते घर तिने आपणहून सोडलं.

मग सिस्टरने कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथे शेजारी बसणारी बाई गप्पिष्ट होती, रोज घरचं, कामाचं विचारायची. सिस्टर हसायची, आणि जेवढ्यास तेवढं बोलायची.