चाकलेटाचा पत्रा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना पत्रा आहे. रॉकेलच्या डब्याचा. सध्या मुक्काम कोंबड्यांच्या खुराड्यावर. अंगभर गंज आहे, आणि तांबडी कोंबडी रोज सकाळी माझ्यावर बसून काय करते ते सांगायची मला लाज वाटते. पण एकदा अख्खं लग्न माझ्यावर अडलं होतं. हसताय काय? ऐका तर खरं!

आगबोटीतून रत्नागिरीच्या बंदरात उतरलो तेव्हा मी चांगला चौकोनी डबा होतो. रॉकेल संपल्यावर लोकांनी मला पाणी वाहायला जुंपलं. बूड गळायला लागलं तशी रवानगी विठूकडं. जुने डबे ठोकून नवं काहीबाही करायचं, हा त्याचा धंदा. त्यानं मला कातरीनं फाडलं, बडवून सपाट केलं आणि चारी कडा वर दुमडल्या. कोपरे मात्र कापले नाहीत, कागदाच्या होडीसारखे मोडून दाबले. म्हणाला, "आता थेंब गळायचा नाय." मी मनात म्हटलं, एवढी ऐट कशाला? मला काय समुद्रात सोडणार आहेत?

आनंदीबाईंनी मला घरी आणलं आणि राख, चिंच, उकळतं पाणी लावून माझी सालटी काढली. तरी फळीवरची पितळी परात कुजबुजलीच, "शी! रॉकेलवाला आला. आणि केवढा पातळ गो! फुंकर मारली तर उडेल." माझं डोकंच फिरलं. पण चैत्र-वैशाखात आनंदीबाई माझ्यावर तूप फिरवून आंब्याचा रस ओतायच्या आणि घरापुढच्या खळ्यात उन्हाला ठेवायच्या. वाळलेली आंबापोळी अशी अलगद सुटायची, की शेजारणी बघायला यायच्या. आनंदीबाई म्हणायच्या, "परातीला जमलं नाय ते ह्या पत्र्याला जमलं." त्या दिवशी परात कुणाशी बोलली नाही.

सन तेहतीस-चौतीसचा सुमार असेल. आनंदीबाईंचा मुलगा धाकू बोटीवरून रजेवर आला. बोटीच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तिथं तो काय काम करतो, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते गोदूबाईनं. ही गडग्यापलीकडची शेजारीण. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची कमरेएवढी भिंत. पण गोदूबाईच्या जिभेला गडगा नव्हता. तिनं आपली भाची राही लहानपणापासून वाढवली होती, आणि धाकूचं सगळं लक्ष राहीवर. राहीचंही धाकूवर. हे वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होतं.

"बोटीवर करतोस काय रे?" गोदूबाईनं विचारलं.

धाकूची छाती फुगली. "मी? मी कप्तानाला चाकलेट करून घालतो."

"म्हणजे काय?"

"गोड वडी. काळी. वर काजू लावायचे."

"बरं. मग रविवारी करून खायला घाल. जमलं तर राही तुझी. थापा मारत असलास तर गडग्याच्या ह्या बाजूला पाय ठेवू नको, सांगून ठेवते."

धाकूची छाती जागच्या जागी बसली.

चाकलेट मात्र त्याच्या पेटीत खरंच होतं. बोटीवरच्या आचाऱ्यानं एक लगदा दिला होता. तो वाटेत वितळून पुन्हा घट्ट झाला होता आणि त्यावर धाकूच्या फणीचे दात उमटले होते. आनंदीबाईंनी हुंगून बघितलं. "डांबर कशाला आणलंस? आपली होडी तर कधीच विकली."

रविवारी सकाळी धाकूनं काजूबिया भाजल्या, फोडल्या, दोन्ही हात चिकानं काळे करून घेतले. पातेल्यातल्या गरम पाण्यावर वाटी ठेवून लगदा वितळवला. "आये, पाण्याचा थेंब पडता कामा नये. थेंब पडला की ह्याचा रवा होतो. आचारी बोंबलायचा." मग त्यानं ते माझ्यावर ओतलं. अहाहा! मित्रांनो, आंब्याचा रस माझ्या अंगावरून सरसर धावायचा. हे मात्र राजासारखं पसरलं. धाकूनं वर काजूच्या पाकळ्या लावल्या, मला माठाशेजारी सावलीत ठेवलं आणि हात घासायला विहिरीवर गेला.

इथं घात झाला. आनंदीबाई आत आल्या. सावलीत ठेवलेली पोळी त्यांनी जन्मात बघितली नव्हती. "काय हा पोरगा! असं वाळणार कधी?" म्हणत त्यांनी मला उचललं आणि नेहमीच्या जागी, भर उन्हात, खळ्यात नेऊन ठेवलं. मी आतून ओरडत होतो, अहो बाई, हा आंबा नव्हे! पण पत्र्याचं कोण ऐकतंय?

जरा वेळात माझ्या अंगावर काळा ओहोळ सुरू झाला. काजू तरंगायला लागले. एक कावळा उतरला, त्यानं दोन काजू उचलले, चोच चिकटली, मान झटकत निघून गेला.

"धाकू!" गडग्यावरून राही ओरडली. "तुझ्या चाकलेटाचं पाणी झालं!"

धाकू ओल्या हातांनी धावत आला. "आये! उन्हात काय ठेवलंस?"

"मग पोळी काय चुलीत वाळवू? एवढी वर्षं वाळवतेय, मला शिकवतोस मेल्या!"

"आता गोदूबाई येतील ना गो!"

"आलेय की," अंगणाच्या तोंडाशी गोदूबाई उभी होती. "काय चाललंय?"

आनंदीबाई चटकन पुढं झाल्या. काय बिघडलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण बिघडलंय एवढं मुलाच्या तोंडावरून कळलं. "बसा गो पडवीत. आधी कोकमाचं सरबत घ्या. मग यंदाचं लोणचं चाखून सांगा. मग पापड..."

इकडं राही गडगा ओलांडून आली. "विहिरीत सोड."

"चाकलेट?"

"पत्रा रे! खाली केवढा गारवा हाय. तरंगेल तो. कडा बघ."

"बुडाला तर?"

"बुडाला तर तू बोटीवर आणि मी मावशीच्या जिभेखाली. सुंभ आण!"

त्यांनी माझ्या चार कोपऱ्यांना सुंभाची दोरी बांधली आणि मला हळूहळू खाली सोडलं. फणसाच्या सावलीतली खोल विहीर. बुडाला पाणी लागलं आणि माझा जीवच गेला. आता कलंडलो की रवा, रवा झाला की राही गेली. पण मित्रांनो, विठूचे कोपरे! थेंब आला नाही. आणि ज्या पातळपणाला परात हसायची, त्याच पातळ अंगातून गारवा झरझर वर चढला. तरंगत होतो मी. बोटीतून आलो होतो, आज स्वतःच बोट झालो.

ऐटीत होतो तेवढ्यात थप्प! विहिरीच्या भिंतीवरून बेडूक. नेमका चाकलेटाच्या मधोमध. बसला, डोळे फिरवले. मी डुगडुगलो. वरून राहीनं सुंभ घट्ट धरला. बेडकाला चव आवडली नसावी. त्यानं पाण्यात उडी घेतली. नशीब, वरची साय तोवर आळली होती. पावलं मात्र उमटली.

पडवीत तिसऱ्या पापडावर गोदूबाई कावली. "गो आनंदी, चाकलेट खायला बोलावलंस की मला लठ्ठ करायला?"

तेवढ्यात मला घेऊन धाकू आला. राहीनं वड्या पाडून पावलांवर काजू दाबले होते. एक पाऊल राहून गेलं होतं, आणि गोदूबाईनं नेमका तोच तुकडा उचलला. "ही पानाची नक्षी झकास हा!" म्हणाली आणि तोंडात टाकला. तुकडा मऊ होता, तिच्या उरल्यासुरल्या दातांना चिकटला. जन्मात पहिल्यांदा गोदूबाई गप्प बसली. सगळे तिच्या हलणाऱ्या जबड्याकडं बघत होते.

"चांगलं हाय," शेवटी ती म्हणाली. "रोज करतोस हे?"

धाकूनं राहीकडं बघितलं. राहीनं मान डोलावली, म्हण होय. आणि हा शहाणा म्हणाला, "नाय. मी भांडी घासतो. चाकलेटाची भांडी मीच घासायचो, तेव्हा बघून शिकलो."

आनंदीबाईंनी डोक्याला हात लावला. राहीचे डोळे भरले. गोदूबाईनं शेवटचा घास चावला, गिळला.

"भांडी घासतोस? मग हा पत्रा घास. माझ्यासमोर."

धाकूनं उरलेल्या वड्या ताटात काढल्या, राख घेतली, नारळाचं सोडण घेतलं आणि बसला. तसं मला कुणीही घासलं नाही, अगदी आनंदीबाईंनीही नाही. कडेकडेनं, दुमडींतून, मग कोरड्या फडक्यानं पुसून. गोदूबाईनं मला उचललं. माझ्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, ओठाला चाकलेट लागलेलं. ते तिनं पदरानं पुसलं.

"चाकलेट करणारा वर्षाकाठी एकदा करील," ती म्हणाली, "भांडी रोज निघतात. राही, सुटलीस बाय तू!"

लग्न झालं. बेडकाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. आज मीच पहिल्यांदा सांगतोय.

धाकू रजेवर आला की मला घासून, पुसून, फळीवर उभा ठेवायचा, परातीच्या शेजारी. तो बोटीवर गेला की घरचे मला ओलाच टाकून द्यायचे. एक पावसाळा मी तसाच अंगणात पडून होतो. मग गंज, मग भोक, मग खुराडं. परात अजून फळीवर आहे. असू दे.

मित्रांनो, रडगाणं गात नाही. एवढंच मागतो, वस्तू ओली टाकू नका रे. दोन हात फिरवायला कितीसा वेळ लागतो? आणि खोटं वाटत असेल तर इथं या. माझ्या उजव्या कोपऱ्याच्या दुमडीत, जिथं धाकूचंही बोट पोचलं नाही, तिथं अजून मुंग्यांची रांग लागते.