चालकासह

"काय तारीखबाई, आज कोण मेलं?" चहावाल्याने जिन्यातच अडवून विचारलं.

एरवी तिने त्याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. रेडिओ केंद्रावर सगळे तिला तारीखबाईच म्हणत. रोज सकाळी 'आजच्या दिवशी' हा पाच मिनिटांचा कार्यक्रम ती वाचायची. या प्रदेशात याच तारखेला कधी कोण जन्मलं, कुठला कालवा सुरू झाला, कुठली गिरणी जळाली. मेलेल्या राजांशी तिची घरच्यासारखी ओळख होती. "आज एक सेनापती आणि दोन कवी," असं काहीतरी ती सांगायची आणि चहावाला खूश व्हायचा. आज मात्र ती मुकाट्याने वर गेली.

आजची तारीख ती कधीच वाचत नसे. दरवर्षी या दिवशी तिची रजा असायची आणि कार्यक्रम धाकटी निवेदिका वाचायची. पण धाकटीचा घसा बसला होता. साहेबांनी आदल्या संध्याकाळी घरी फोन केला. "यंदा तुम्हालाच यावं लागतंय. माझाही नाइलाज आहे हो."

या तारखेला इथे पहिली आगगाडी धावली होती. एक नामांकित मल्ल जन्मला होता. आणि लाँच बुडाली होती. 'चालकाच्या हलगर्जीपणामुळे लाँच उलटून बेचाळीस प्रवासी बुडाले.' वर्षानुवर्षं हे वाक्य जसंच्या तसं वाचलं जात होतं. तो चालक तिचा नवरा होता.

चूक त्यांची होती का, हे तिला आजही सांगता आलं नसतं. शेवटची फेरी होती, माणसं चढतच होती. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. भाजीवालासुद्धा त्यांच्या गळ्यात नासके टोमॅटो मारायचा. चूक असेलही, पण बुडाले तेही होते, आणि तेवढं मात्र कुणी म्हणत नव्हतं. धक्क्यावरच्या स्मारकाच्या दगडात सगळ्यांची नावं कोरली होती, त्यांचं सोडून.

म्हणूनच ते येतात, अशी तिची समजूत होती. दरवर्षी या सकाळी, कार्यक्रमाच्या वेळेला, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. अंगावरून पाणी निथळत असायचं. काही बोलायचे नाहीत. रेडिओवरचं ते वाक्य ऐकायचे आणि जायचे. एका वर्षी तिने रेडिओ लावलाच नाही, तर दुपारपर्यंत तसेच उभे होते. तिला त्यांची भीती वाटायची, आणि आपल्याच माणसाची भीती वाटते याची लाजही वाटायची.

साहेबांनी तिच्या हातात कागद दिला.

"एक शब्द घालू का?" तिने विचारलं. "लाँचच्या ओळीत. 'चालकासह' एवढाच."

साहेबांना सगळं माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, मजकूर मंजूर झालेला आहे. त्या घरांतली माणसं अजून आहेत, ऐकतात. त्यांना काय वाटेल?"

"मीपण त्यातल्याच एका घरातली आहे, साहेब."

"आहे तसं वाचा," ते म्हणाले. "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

लाल दिवा लागला. काचेपलीकडे तंत्रज्ञ बसला होता, आणि त्याच्या मागे, घरी दारात उभे राहायचे तसेच, ते उभे होते. खाकी शर्ट अंगाला चिकटलेला. तंत्रज्ञाने मागे वळून पाहिलं नाही, फक्त उठून पंखा कमी केला.

तिने आगगाडी वाचली, मल्ल वाचला. मग म्हणाली, "आजच्याच दिवशी, चालकाच्या हलगर्जीपणामुळे लाँच उलटून चालकासह त्रेचाळीस जण बुडाले."

मान वर केली तेव्हा काचेमागे फक्त तंत्रज्ञ होता. दरवर्षी ते पाय ओढत, रेंगाळत जायचे. आज एकदम गेले, सुटल्यासारखे. तिला हायसं वाटलं आणि रडूही आलं.

ती बाहेर आली तोवर साहेब फोन धरून उभे होते. "घ्या. आता तुम्हीच निस्तरा."

पलीकडे एक म्हातारी होती. "तू त्याची बायको ना? 'चालकासह' म्हणालीस त्या आवाजावरूनच कळलं मला."

"हो."

"माझी पोर होती त्या लाँचमध्ये. सापडली नाही."

तिने डोळे मिटून घेतले. अशा एखाद्या बाईच्या शिव्या ऐकायची तयारी तिने कित्येक वर्षं करून ठेवली होती.

"तुझा सापडला?"

"नाही."

मग म्हातारीने विचारलं, "तुला दिसतो का गं कधी?"

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "दिसतात," ती म्हणाली.

"माझी नाही आली. एकदासुद्धा नाही." म्हातारीचा आवाज फाटला. "पाण्याला फार भ्यायची गं. पुन्हा आला तर त्याला एवढं सांग, माझ्या पोरीकडे लक्ष दे म्हणावं. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नाही."

"सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवला तरी तिचा हात त्याच्यावरच होता. आतून तंत्रज्ञाने लावलेलं गाणं ऐकू येत होतं. आपल्या माणसाने येऊ नये म्हणून ती इतकी वर्षं तळमळली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "एकदाच येऊन जा."