झुंबरच्या पाठीला बेतलेली बुलेट

सायखेड्याच्या मालनबाई बुलेट चालवत नाशिकला द्वारका चौकातल्या माझ्या गॅरेजात पहिल्यांदा आल्या, तेव्हा चौकातली माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली. ब्याऐंशी सालची गोष्ट. काष्ट्याचं लुगडं, अंगात नवऱ्याचा स्वेटर, मागे झेंडूच्या रिकाम्या पाट्या आणि कोपर सोललेलं.

"मल्हारीभाऊ, ही मला फेकून देती," त्या म्हणाल्या. "खड्डा आला का मागून कोणी उचलून आपटल्यावाणी होतं."

गाडी त्यांच्या नवऱ्याची, झुंबरची. झुंबर म्हणजे दारात उभा राहिला तर उजेड अडवणारा गडी. त्याच्या वजनाला आणि फुलांच्या ओझ्याला पुराव्यात म्हणून मागच्या शॉकअपला जाड तारेच्या स्प्रिंगा मीच बसवल्या होत्या. आदल्या वर्षी विहिरीच्या कामावर तो पडला, मणक्याला मार बसला आणि खाटेला खिळला. फुलं काही कोणासाठी थांबत नाहीत. मालनबाई मळ्याच्या वाटेवर गाडी शिकल्या आणि त्यांनी नाशिकचा बाजार धरला.

मी त्यांना गाडीवर बसायला सांगितलं. स्प्रिंग केसभरही दबली नाही. सीटवर जणू चिमणी बसली होती. मी हलक्या तारेच्या स्प्रिंगा घातल्या, पुढच्या चाकाच्या चिमट्यात पातळ तेल भरलं. त्या एक फेरी मारून आल्या आणि खाली न उतरताच म्हणाल्या, "रस्ता नवा केला का काय?"

पुढच्या हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या. गाडीची तक्रार नव्हती.

"आता ह्यांना मागं बसवायचंय."

झुंबर एव्हाना काठी धरून उभा राहायला लागला होता. बसायला डॉक्टरांची ना नव्हती, पण हिसका चालणार नव्हता. बैलगाडीत बसवून पाहिलं, तर नंतर कित्येक दिवस तो कण्हत पडला. मळा नदीपलीकडे. पडल्यापासून त्याने स्वतःची जमीन पाहिली नव्हती.

"बाई, ही गाडी आहे, पाळणा नाही," मी म्हणालो.

"मग पाळणा करा."

मी हत्यारं घेऊन सायखेड्याला गेलो. दोन माणसांचं वजन म्हणून जुन्या जाड स्प्रिंगा परत चढवल्या. पण पाठीला काय सोसेल, हे तपासायचं कसं? झुंबरला बसवून तर बघता येत नव्हतं. मालनबाईंनीच तोड काढली. झुंबरच्या वजनाइतकं बाजरीचं पोतं मागच्या सीटवर आवळून बांधलं, आणि पोत्याचं तोंड खोलगट करून त्यात काठोकाठ भरलेला तांब्या रोवला.

पहिल्या फेरीला तांब्या अर्धा झाला. स्प्रिंग फार आवळलेली होती. मी शॉकअपचा खालचा कॉलर, म्हणजे ताण कमीजास्त करायचं कडं, फिरवून ती पार सैल केली, तर चाकोरीत शॉकअप खाडकन तळाला टेकला. मधल्या खाचेवर ठेवली. टेकणं थांबलं, पण खड्डा गेल्यावरही मागची बाजू डोलत राहायची. मग शॉकअप उघडून तेल जरा दाट भरलं. दर वेळी त्या तांब्या भरून आणायच्या, गाडीला किक मारायच्या आणि त्याच खड्ड्यांतून जायच्या. झुंबर ओट्यावर बसून बघत होता.

दुपार कलली तेव्हा त्या परत आल्या. मी तांब्यात डोकावलो. पाणी कडेला हलत होतं, पण पोतं कोरडं होतं. मी त्यावर हात फिरवून पाहिला, तरी खरं वाटेना. इतकी वर्षं गाड्या खोलल्या, पण दगडधोंड्यांची वाट लोखंड असं गिळून टाकतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

झुंबरला आम्ही दोघांनी बसवलं. त्याने डोळे मिटून घेतले. मी सायकलवर मागोमाग निघालो. चाकं वरखाली होत होती आणि झुंबरचे रुंद खांदे मात्र सरळ रेषेत चालले होते. पुलावर त्याने डोळे उघडले.

मळ्यापाशी तो काठीवर उभा राहिला. नदीपर्यंत सगळा झेंडू फुलला होता.

"तो खालचा तुकडा तर पडीक होता," तो हळूच म्हणाला.

"औंदा लावला," मालनबाई म्हणाल्या.

त्याने टोपी काढली. कधी फुलांकडे, कधी बायकोकडे बघत तो तसाच उभा राहिला. मी नदीकडे तोंड केलं.

"दुखतंय का?" मालनबाईंनी विचारलं.

"दुखायचं ध्यानातच नाय राहिलं," झुंबर म्हणाला. "जाताना जरा पळव. लय हळू चालवती तू."