अण्णांच्या पायाखालचा ब्रेक

"ह्या डावीकडच्या ब्रेकला केबलच न्हाय," खिजरभाई गाडीखालून म्हणाले.

बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते. त्यामुळे ते थट्टा करताहेत की काय, हे पूर्णिमाला कळायला मार्ग नव्हता.

"तुटली?"

"तुटंल कशी? मीच काढलीया. अकरा वर्सं झाली."

गाडी नृसिंह मोटार ड्रायव्हिंग स्कूलची. तांबडी मारुती. अशा गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो, शिकवणारा डावीकडे, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकच्या भरवशावर शिकणारा गाडी सुरू करतो आणि बाकीचं गाव घराबाहेर पडतं. स्कूलचे मालक नृसिंहअण्णा तीन आठवड्यांपूर्वी दुपारी जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. शुक्रवारी गाडीची सरकारी तपासणी होती, म्हणून पूर्णिमा ती उद्यमनगरात खिजरभाईंच्या गॅरेजमध्ये घेऊन आली होती. ती स्वतः स्कूलच्या दुसऱ्या, पांढऱ्या गाडीवर शिकवायची. तांबडीत अण्णांच्या जागेवर बसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"अहो, पण अण्णा दाबायचे की ब्रेक. मी ऐकलंय. टक टक वाजायचा."

"वाजायचा की. वाजायला केबल कशाला लागती?" खिजरभाई हात पुसत बाहेर आले. "टक वाजलं की शिकणारा दचकून आपलाच ब्रेक मारायचा. मग अण्णा म्हणायचे, बघा, थांबली का न्हाय."

"आणि तपासणीला?"

"आदल्या दिशी जोडायची, दुसऱ्या दिशी काढायची. सायेब लोक खूश. म्हणायचे, जुन्या गाडीचा ब्रेक नव्यासारखा हाय. वापरलाच न्हाय तर नव्यासारखा ऱ्हाणारच."

पूर्णिमा शेजारच्या पंक्चरवाल्याच्या स्टुलावर बसली.

"पण काढली कशापायी?"

"एक बाई हुती म्हणं शिकायला. शिवाजी पुलावर म्होरनं रिक्षा आली. बाईच्या आदी अण्णांनी ब्रेक दाबला. बाईनं पुलावरच गाडी बंद केली आन् रडाय लागली. म्हणाली, मी दाबतच हुते की, तुमी कशाला दाबला? मागनं येस्टी बोंबलतीया आन् ही किल्ली फिरवंना. दुसऱ्या दिशी सकाळी अण्णा माझ्या दारात. म्हणाले, खिजर, ही केबल काढ. ही हाय तवर माझा पाय माझं ऐकायचा न्हाय."

"कोण बाई?"

"नाव न्हाय सांगितलं. लई कटकटी हुती म्हणाले."

"असेल," पूर्णिमा म्हणाली.

त्या वेळी ती शाहूपुरीत झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. घरी तीन थोरले भाऊ. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन ते तिघे मोकळे व्हायचे, आणि तेही प्रेमानं. त्यामुळे तक्रार कुठे करायची हा प्रश्नच होता. ती तक्रार शेवटी पुलावर अण्णांकडे झाली. अण्णांनी एसटीवाल्याला हात जोडले आणि खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून टकटक वाढली, एवढंच तिला आठवत होतं.

पुढे लायसनच्या परीक्षेत ती तीनदा नापास झाली. अण्णांचा एक रिवाज होता. पास झालेल्याला ते नुसता नमस्कार करायचे. नापास झालेल्याला मात्र गंगावेशीत नेऊन धारोष्ण दूध पाजायचे आणि मग घरी जेवायला न्यायचे. पास झालेल्याचं काय, त्याचं पोट आनंदानंच भरलंय की, असं त्यांचं म्हणणं. "आमच्या घरात पास झालेलं माणूस कदी जेवलंच न्हाय," असं त्यांच्या बायको, माई, सांगायच्या. पाच वर्षांनी पांढरी गाडी घेतली तेव्हा अण्णा झेरॉक्सच्या दुकानात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तीनदा नापास झालेलं माणूस शिकवायला पायजे. कुठं चुकतंय ते त्येला ठावं असतंय."

अण्णांच्या मयतीला पंचगंगेवर एकोणसाठ गाड्या आल्या. त्या सगळ्या एका रेषेत, दोन गाड्यांत सारखं अंतर सोडून, चाकं सरळ ठेवून लागल्या. कोल्हापुरात असं सहसा घडत नाही. ट्रॅफिक हवालदाराने मंत्री येणार आहेत का, म्हणून चौकशी केली.

"मग?" खिजरभाई म्हणाले. "शुक्रवारला जोडून देतो. शनिवारी काढू, का ऱ्हाऊ दे?"

"आत्ताच सांगायला पायजे?"

"तसं काय न्हाय. पण तितं ज्येनं बसायचं त्येनं सांगायचं."

बसायचं तिलाच होतं. अण्णांचे सात शिकाऊ अर्ध्यावर राहिले होते आणि माईंनी तेराव्यालाच किल्ली तिच्या हातात ठेवली होती. तिने काढा म्हटलं असतं, तर तिला अण्णांसारखं व्हावं लागलं असतं. ती तशी नव्हती, आणि शिकवायला बसल्यावर ते लपून राहणार नव्हतं.

दुपारी ती माईंकडे गेली. माई शेंगा फोडत बसल्या होत्या. पूर्णिमाने सगळं सांगितलं. माईंनी सूप खाली ठेवलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "रोज घरातनं भायेर पडताना देवाम्होरं किती येळ उभे ऱ्हायचे. मला वाटायचं, वयामुळं भक्ती वाढलीया."

"तुम्हाला कधी बोलले न्हाईत?"

"बोलतंय कोण. संध्याकाळी आले की उजवा पाय पुढं करायचे. दाब म्हणायचे, लई ठणकतोय. मी म्हणायची, दिवसभर नुसतं बसून माणसाचा पाय कसा ठणकतो? तर हसायचे." माईंनी एक शेंग उचलली, फोडली नाही. "म्हंजे दाबायचेच की गं ते. जोर लावून दाबायचे. कायबी नसताना."

पूर्णिमा थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. मग तिथूनच तिने खिजरभाईंना फोन लावला.

"जोडा. नंतर काढायची न्हाय."

"बरं." खिजरभाई म्हणाले. "अण्णा आसते तर..."

"खिजरभाई, माझी तेवढी भक्ती न्हाय."

शुक्रवारी गाडी पास झाली. सोमवारी सकाळी सात वाजता ऋता आली. ती बँकेत अधिकारी होती. अण्णांकडे तिचे अकरा धडे झाले होते आणि अकराही दिवस ती घाबरलेली होती. तिने पट्टा लावला, आरसा नीट केला आणि विचारलं, "अण्णांसारखा ब्रेक आहे ना तुमच्याकडे?"

"त्यांच्यापेक्षा बरा हाय," पूर्णिमा म्हणाली. "चला."

रंकाळ्यापर्यंत ठीक गेलं. वळणावर चार म्हशी रस्त्याच्या मधोमध चालत आल्या. त्यांचा मालक मागे सायकलवरून मोबाइलवर बोलत होता, म्हणजे वाहतुकीची जबाबदारी म्हशींवर होती. तीन म्हशी बाजूला झाल्या. चौथी थांबून गाडीकडे बघू लागली.

"ऋताताई, म्हैस," पूर्णिमा म्हणाली.

"दिसतेय," ऋता म्हणाली. गाडी चालतच होती.

पूर्णिमाचा पाय पॅडलवर गेला. नुसता दाबायचा अवकाश होता. मांडीपासून अंगठ्यापर्यंत सगळा जोर तिने पायात आणला आणि तिथेच धरून ठेवला. म्हैस मोठी होत गेली. तिच्या नाकावरचे केस दिसायला लागले. पूर्णिमाने मनात तीनपर्यंत आकडे मोजले, आणखी एक मोजायचं ठरवलं.

गाडी थांबली. म्हैस आणि बंपर यांच्यामध्ये शेणाचा एक पो मावला असता.

ऋताने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "तुम्ही दाबलात."

"न्हाय."

"दाबलात. मी कुठली थांबवणार?"

"तुमीच थांबवली."

"पूर्णिमाताई, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. अण्णा दाबायचे ते मला कळायचं, तुमचंही कळतं."

पूर्णिमाच्या ओठांवर अण्णांबद्दलचं सगळं आलं होतं. ते तिने गिळलं. उजव्या पोटरीत दगडासारखा गोळा आला होता. तिने खाली वाकून दोन्ही चपला काढल्या, पाय वर घेतले आणि त्या आखूड सीटवर पंगतीला बसावं तशी मांडी घातली. एक गुडघा दाराला टेकला, दुसरा गिअरला लागत होता. तो तिने हाताने आवळून धरला.

"हं. घ्या पहिला," ती म्हणाली.

ऋताने खाली पाहिलं. पॅडलपाशी दोन चपला होत्या, पाय नव्हता. मग तिने म्हशीकडे पाहिलं. म्हैस अजून हलली नव्हती. ऋताने क्लच दाबला, एक हॉर्न दिला आणि गिअर टाकला.